शिव शिव, तव्यालाही झाकण!

तुम्हाला म्हणून सांगते, बाहेर बोलू नका. बोललात तरी फारसं बिघडणार नाही म्हणा. नवापूरपासून खांडबाऱ्यापर्यंत ज्याला कळायचं त्याला केव्हाच कळलंय. आमच्या चिंचपाड्यातली चांगली चालती-बोलती माणसं हातची गेली. दारू नाही, पत्ते नाहीत, आकडा तर नाहीच नाही. तसलं काही असतं तर घरच्यांनी कपाळावर हात मारून घेतला असता, पाहुण्यांनी समजूत घातली असती, एखाद्या बुवाचा अंगाराही लावून झाला असता. या रोगावर अंगारा नाही. ही माणसं झाकणाच्या नादी लागली आहेत. अंगणातल्या तव्यावर ठेवायच्या लोखंडी, पितळी, ॲल्युमिनियमच्या, जे हाताला लागेल त्या झाकणाच्या!

तवा ही जात्याच उघडी वस्तू हो. कुकरला झाकण, पातेल्याला झाकण, लोणच्याच्या बरणीला तर झाकण आणि वर दादरा. तव्यानं आजवर कधी काही झाकून ठेवलं नाही. भाकरी फुगली तर चारचौघांत फुगली, करपली तर चारचौघांत करपली. पूर्वीच्या सासवा नव्या सुनेला आधी तव्यापुढं बसवत, ते काय उगाच? तिथं लपवाछपवीला जागाच नसे. अशा सरळमार्गी तव्यावर आता घुमट चढतायत, घुमटांना मुठी बसतायत, मुठींना वॉशर लागतायत, आणि वॉशर कुठल्या मापाचा यावरून सख्खे साडू एकमेकांशी बोलेनासे झालेत.

सुरुवात तव्यापासूनच झाली. ट्रॅक्टरच्या मागं लावतात तो तव्यांचा नांगर पाहिलाय ना? त्याचा एकेक तवा दोन फुटांच्या आसपासचा, आतून खोलगट, चांगल्या कडक पोलादाचा. शेतात झिजला की भंगारात जातो. आमच्याकडच्या एका हुशार गृहस्थांनी (नाव घेत नाही, त्यांच्या मंडळींनी शपथ घातली आहे) तो भंगारातून उचलला, मधल्या भोकाला ठिगळ मारलं, तीन पाय वेल्ड करून घेतले आणि खाली शेगडी सरकवली. झाला अंगणातला तवा. त्यांना वाटतं, हा शोध त्यांचाच. कसला डोंबलाचा! अर्जेंटिनातले शेतकरी नांगराच्या तव्यावर कोंबडी शिजवतात. उत्तर मेक्सिकोत त्याच तव्यावर होणाऱ्या मांसाच्या काल्याला दिस्कादा म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत त्याला पाय लावून स्कॉटल म्हणून बाहेर मांडतात. नांगर जिथं गेला तिथं त्याच्या तव्यावर कुणी ना कुणी काहीतरी परतलंच. इथवर आमची काही तक्रार नव्हती. थंडीत चार माणसं जमत, वांग्याचं भरीत होई, अंडी फुटत, एखाद्याच्या नशिबानं मटण असे. खात आणि घरी जात.

मग मोबाईलमधून अमेरिका उतरली. यूटा राज्यातल्या लोगन गावात २००५ साली ब्लॅकस्टोन नावाची कंपनी निघाली आणि तिनं तिकडच्या परसापरसांत सपाट पोलादी तवे नेऊन ठेवले. तीन फूट रुंद, खाली चार बर्नर. आपला पावभाजीच्या गाडीवरचा तवाच तो, फक्त मोठ्या कौतुकानं विकत घेतलेला. सुरुवातीच्या त्या तव्यांना बिजागरीचं झाकण नव्हतं. मग तिथल्या लोकांनी ॲल्युमिनियमचे पत्रे दुमडून झाकणं केली, मुठी बसवल्या आणि केल्याकेल्या त्याचे व्हिडिओ टाकले. पावसानं तवा गंजू नये एवढाच मूळ हेतू. पण एकदा झाकण हाती आल्यावर पुरुषमाणूस ते शिजत्या पदार्थावर ठेवून बघितल्याशिवाय राहील का?

अमेरिकेला तर हे व्यसन जुनंच आहे. १९५२ मधली गोष्ट. शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ वेबर ब्रदर्सच्या कारखान्यात कामाला. तिथं पाण्यात तरंगणारे धातूचे बोये व्हायचे. वाऱ्यानं विस्तव आणि राख उडून मांस बिघडतं म्हणून वैतागलेल्या या गृहस्थांनी गोल बोयाचे दोन भाग घेतले, खालच्याला तीन पाय लावले, वरच्याला मूठ. झालं झाकण. ते घातल्यावर विस्तव विझायलाच लागला. तेव्हा म्हणे एका शेजाऱ्यानं ओरडून सांगितलं, अहो, त्याला भोकं पाडा! पाडली, आणि त्यातून जगभर विकली जाणारी किटली-शेगडी उभी राहिली. ही कथा मला फार आवडते, कारण फुकट सल्ला देणारा शेजारी तिथंही होता.

आता जरा दार लोटून घ्या, म्हणजे आमच्याकडचं सांगते.

पहिला बळी पितळी घंगाळाचा. स्टेशनाकडच्या एका घरात सासूबाईंच्या लग्नातलं घंगाळ होतं. तीन पिढ्यांच्या दिवाळीच्या आंघोळी त्यातल्या पाण्यानं झालेल्या. एका रविवारी ते तव्यावर उपडं दिसलं. बुडाला मधोमध भोक, भोकात बोल्ट, बोल्टाला जुन्या कपाटाची मूठ! बाजूच्या दोन्ही कड्या तव्यावर खुळखुळतायत आणि आत वांगी वाफवली जातायत. सासूबाईंचा आवाज गेला तो परत यायला वेळ लागला. आल्यावर मात्र त्याचं चीज झालं. पुढं कुणीतरी सांगितलं की पितळेवर आंबट वाफ बसली की हिरवं धरतं, आधी कल्हई करून घ्या. कल्हईवाला शोधून आणला. घंगाळ आतून चांदीगत चमकलं. पण कल्हई म्हणजे कथील, आणि कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. घुमटाच्या आतल्या बाजूला वाफच असते, तिथं कल्हई टिकली. काठ मात्र थेट तापल्या तव्यावर टेकलेला. काठाची कल्हई मणी मणी होऊन तव्यावर पळायला लागली, आणि पाहुण्यांच्या पोरानं विचारलं, काका, हे मोती कसले?

दुसऱ्या एकानं गच्चीवरची टीव्हीची छत्री उतरवली. सगळे कार्यक्रम फोनवर आल्यापासून ती बिचारी तिथं कबुतरांच्या सेवेत होती. आकार अगदी झाकणाचा, हे मान्य करायला हवं. पण तिच्यावर रंग असतो ना! रंग तापला की आधी वास येतो, मग फोड येतात, मग पापुद्रे सुटतात, आणि सुटलेला पापुद्रा जाणार कुठं? खाली ऑम्लेट असतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको हा नियम आपल्याकडे लागू झाला तो २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीचं रंगवलेलं काहीही तव्यावर आणू नये, आणि नंतरचंही आणू नये, कारण कुठलाच भिंतीचा किंवा पत्र्याचा रंग खाण्यासाठी केलेला नसतो. हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? नाक पुरे.

घमेलंवाल्यांचा गट वेगळाच. त्यांचं म्हणणं, घमेलं स्वस्त, घमेलं मजबूत, घमेल्याला कड्या आयत्या. पण काही घमेली आणि छपराचे बरेचसे पत्रे जस्ताचा मुलामा दिलेले असतात. जस्त ४१९ अंशांना वितळतं. झाकण एवढं कुठं तापतंय, असं तावातावानं सांगणारे आहेत. घुमटाचा माथा नाही तापत, कबूल. पण मोठ्या शेगडीची ज्वाळा तव्याच्या कडेनं वर चढते आणि झाकणाचा काठ चाटते, तिथलं काय? ज्याला पटत नसेल त्यानं वेल्डिंगवाल्याला विचारावं. जस्ती पत्र्यावर दिवसभर काम करून त्या पांढऱ्या धुरानं रात्री हुडहुडी भरलेली माणसं त्याच्या धंद्यात शोधावी लागत नाहीत.

आणि एका महाभागानं तर भर बैठकीत गॅसचा सिलिंडर मधून कापायचं काढलं! सगळे गप्प. अहो, सिलिंडर आपला नसतो, कंपनीचा असतो. आपण नुसती अनामत भरलेली असते. शिवाय रिकामा म्हणतो तो रिकामा नसतो. आत उरलेला गॅस आणि बाहेर ग्राइंडरची ठिणगी, पुढचं सांगायला कुणी उरत नाही. ही सूचना करणाऱ्याच्या सासरी त्याच संध्याकाळी फोन गेला. कुणी केला ते विचारू नका.

शहाणी माणसं शेवटी नवा पत्रा घ्यायला निघाली, आणि तिथं दोन पक्ष पडले. एक ॲल्युमिनियमवाले, एक स्टीलवाले. लग्नात हे दोन पक्ष आता वेगवेगळ्या पंगतीला बसतात. ॲल्युमिनियमवाल्यांचं म्हणणं, आमचं हलकं. खरं आहे. दोन फूट व्यासाचा सपाट गोल कापला तर दोन मिलिमीटर जाडीचं ॲल्युमिनियम दीड किलोच्या थोडं वर भरतं. तेवढाच स्टीलचा गोल सव्वा मिलिमीटरच्या आत, म्हणजे १८ गेजचा घेतला तरी पावणेतीन किलोच्या घरात जातो. घुमट ठोकायचा, काठ वळवायचा, म्हणजे दोन्हींत आणखी भर. दर दोन मिनिटांनी एका हातानं उचलायच्या वस्तूत हा सव्वा किलोचा फरक मनगटाला कळतो. त्यावर स्टीलवाले म्हणतात, तुमचं ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या जवळजवळ पंधरा पट उष्णता वाहून नेतं, तेव्हा तुमची मूठ आधी तापणार. तेही खरं. शिवाय टोमॅटो, चिंच, मीठ यांची वाफ ॲल्युमिनियमला हळूहळू खाते. मी कुणाच्या बाजूची ते सांगत नाही, मला दोन्ही घरांतून फराळ येतो.

स्टीलवाल्यांचं एक थोतांड मात्र उघड करायलाच हवं. ही मंडळी खिशात चुंबक घालून नवापूर, नंदुरबारच्या भांडीबाजारात हिंडतात. दुकानदारासमोर झाकणाला चुंबक लावायचं. चिकटलं नाही की मान डोलवायची, अस्सल ३०४ आहे! अहो, कसलं अस्सल? ३०४ ला चुंबक चिकटत नाही तसं स्वस्तातल्या २०२ लाही चिकटत नाही. चिकटतं ते ४३० सारख्याला, आणि तेही झाकण म्हणून काही वाईट नाही. ३०४ मध्ये निकेल ८ टक्क्यांच्या पुढं असतं, २०२ मध्ये ते कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. फरक गंजायला लागल्यावर कळतो. चुंबकाला त्यातलं काही कळत नाही. दुकानदाराला सगळं कळतं, पण तो बोलत नाही.

सुरतेच्या एका जावयानं तर अख्खं झाकण तिकडून करून आणलं. गाडीतून नवापूर स्टेशनावर उतरवलं आणि पुढच्या पॅसेंजरची वाट बघत बाकावर ठेवून बसले. आता नवापूरचं स्टेशन तुम्हाला ठाऊक आहे, फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, एक गुजरातेत, आणि ते प्रसिद्ध बाकही दोन्ही राज्यांत वाटलेलं. बघणारे सांगतात, झाकण गुजरातेत होतं आणि मूठ महाराष्ट्रात. सासऱ्यांनी तेवढ्यावरून वर्षभराचा विनोद करून ठेवलाय.

मुठीचं प्रकरण तर वेगळंच. मूठ तापू नये, सैल होऊ नये, हातमोजा घालून धरता यावी आणि शेजाऱ्याकडं आहे तशी नसावी, अशा चार अटी. बेकलाइटची कुकरची मूठ सुटी मिळते, ती बहुतेकांनी लावली. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये हे बेकलाइट काढलं. एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही म्हणून त्याच्या मुठी झाल्या. वितळत नाही, पण ज्वाळेत करपतं, आणि वासही सोडतं. मग सागवान आलं. आमच्या भागात सागाचं लाकूड कुणाला दाखवायचं? पण सागाची मूठ नुसती पत्र्यावर टेकवून चालत नाही, मध्ये हवा खेळायला जागा लागते. त्या जागेसाठी काय लावायचं यावर तीन संध्याकाळी खल झाला. अखेर कुणाला तरी शिलाईच्या दोऱ्याची जुनी लाकडी रिळं आठवली. आणि मंडळी माझ्या दारात! माझ्याकडं शिलाई मशीन आहे, म्हणून रिळं असतीलच, असा तर्क. आयुष्यात कधी ब्लाउजचं माप सांगायला न आलेली माणसं रिळाची उंची मिलिमीटरमध्ये सांगत होती. दिली बापडी.

भोकाबद्दल मी सविस्तर लिहिणार नाही, वयस्कर मंडळीही वाचतात. एवढंच की भोक ठेवलं तर वाफ जाते, नाही ठेवलं तर झाकण धडधडतं, आणि भोकावर सरकती चकती बसवली की चकती फिरवणारा माणूस तव्यापासून हलत नाही. काठाचं तेवढं सांगते. तवा तापून जरासा वाकडा झालेला असतो, त्यावर झाकण टेकलं तरी एका बाजूनं फट राहते. पूर्वीच्या बाया अशा वेळी कणकेची लांब वळी करून फट बुजवत. एका सद्गृहस्थांनी सायकलची ट्यूब कापून काठाला लावली. त्या रात्री जो वास सुटला त्यावरून हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी उतरून आपापली चाकं तपासली.

बिजागरीवाल्यांचा गर्व वाऱ्यानं उतरवला. तव्याच्या मागच्या बाजूला बिजागरी लावून झाकण पेटीसारखं उघडायचं, दिसायला रुबाबदार. उभं राहिलेलं झाकण म्हणजे शीडच की. मागून वारा आला आणि ते धाडकन मिटलं, आत कालथ्यासकट हात. तेव्हापासून साखळी आली, साखळीला आकडा आला. त्यातही एक खोच आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचं पाणी जमतं. झाकण उभं केलं की ते सगळं मागच्या काठाला ओघळतं आणि गरम तेलावर पडतं. चर्रर्र! हातानं उचलायचं झाकण असेल तर आपल्यापासून दूरची कड आधी वर करायची, वाफ पलीकडं जाते, आणि पाणी कुठं सांडायचं ते आपल्या हाती राहतं. आणि एक गोष्ट चेष्टा बाजूला ठेवून सांगते. झाकण घालून गॅस पेटवायचा नाही. गॅस आत साचतो आणि पेटतो तो एकदम. इकडं कुणाच्या भुवया गेल्या ते मी लिहीत नाही, पण लग्नाच्या फोटोत त्या काढलेल्या आहेत.

या सगळ्या सर्कशीकडं आमच्या एक मामी ओट्यावर बसून बघत होत्या. धुळ्याकडच्या, बोलणं अहिराणी, तोंडावर कधीच झाकण नाही. घुमट बघून म्हणाल्या, "आरे भो, हाई झाकन शे का मंदिरना कळस?" मग त्यांनी जे सांगितलं त्यावर उत्तर कुणाकडंच नव्हतं. खानदेशात पुरणाचे मांडे कशावर होतात? खापरावर. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं चुलीवर उपडं घालायचं, आणि पुरण भरलेली पारी हातांवर ताणत ताणत त्याच्या पाठीवर पसरायची. म्हणजे भांडं उपडं करून त्याचा तवा करणारे आम्ही. आणि आमचीच पोरं आता तव्यावर भांडं उपडं घालून जगाला काहीतरी नवं दाखवतायत! शेजारच्या गुजरातेत वलसाडकडं जा, हायवेच्या कडेला उंबाडियुं मिळतं. मडक्यात कंद आणि पापडी भरतात, पाल्यानं तोंड बंद करतात, मडकं उपडं घालतात, भोवती आग. धातूचं नखभर झाकण नाही. कायस्थ प्रभूंच्या जुन्या घरांत भानोलं करताना झाकणावरच निखारे ठेवत. खाली आग, वर आग. त्या बायकांनी कधी मुठीवरून बैठक बोलावली नाही. निखारे ठेवले, उतरवले, वाढलं.

मामींचा खरा संताप मात्र भाकरीवरून झाला. नव्या झाकणाच्या भरात एकानं तांदळाच्या भाकरीवर झाकण घातलं! नवापूर तालुक्यात, जिथं भात पिकतो तिथं! भाकरीला वरून पाणी लावायचं, ते सुकत आलं की उलटायची, मग आचेवर धरून फुगवायची; पाणी जाणं हाच तिचा सगळा प्रवास. झाकण घातलं की पाणी आतच कोंडतं, पापुद्रा सुटत नाही, आणि हाती येतो तो ओला चामडी गोळा. "भाकर वल्ली व्हई गयी रे, तुले काय समजस?" असं म्हणून मामी उठून गेल्या. तो गोळा कुत्र्यापुढं टाकला. कुत्रं बघून निघून गेलं. ज्वारीची भाकरी, नागलीची भाकरी, पोळी, पापड, यांच्या जवळपासही झाकण नेऊ नये. धिरडं, आंबोळी, जाड थालीपीठ यांना दोन मिनिटं खुशाल झाकावं. चिरलेलं वांगं, कोंबडीचे मोठे तुकडे, मासा यांना ते हवंच. खालून करपून आतून कच्चं राहायचं टळतं. आणि शेवटी कुरकुरीत हवं असेल तर काढून घ्यावं. सगळं शास्त्र इतकंच, आणि ते प्रत्येक घरातल्या बाईला कधीपासून ठाऊक आहे.

बाईला, आणि हायवेवरच्या अंड्याच्या लारीवाल्याला. हा माणूस मला या सगळ्या प्रकरणात एकटा निष्पाप वाटतो. धुळे-सुरत रस्त्याला त्याची लारी लागते. त्याचं झाकण म्हणजे कान तुटलेलं एक स्टीलचं पातेलं, पोचे आलेलं. मूठ नाही, सांडशीनं उचलतो. हाफफ्रायची ऑर्डर आली की अंडं फोडतो, कडेला चमचाभर पाणी शिंपडतो आणि पातेलं उपडं घालतो. पाण्याची लगेच वाफ होते. ती वाफ गार अंड्यावर बसून पुन्हा पाणी होते तेव्हा एका ग्रॅममागं ५४० कॅलरी उष्णता सोडते. तेवढंच उकळतं पाणी १०० अंशांवरून ८० वर उतरताना सोडतं फक्त २०. म्हणून चमचाभर पाण्यात अंड्याचा माथा शिजतो. पांढरं बासष्ट-पासष्ट अंशांच्या पुढं घट्ट व्हायला लागतं, पिवळं त्याच्या जरा नंतर; मधल्या त्या फटीत पातेलं उचललं की वर पांढरी साय आणि खाली वाहतं पिवळं. तो घड्याळ बघत नाही. वाफेचा आवाज बदलला की उचलतो.

अंड्याच्या बाबतीत आमच्या तालुक्यानं फार पाहिलंय, म्हणून इथं अंड्याची थट्टा करायची नाही. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरातच सापडला, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, आणि सबंध देशाच्या बातम्यांत नवापूर झळकलं ते त्या कारणानं. २०२१ मध्ये पुन्हा तोच फेरा. दोन्हीदा धंदा पुन्हा उभा राहिला. त्या धंद्यातलं अंडं तुम्ही सायकलच्या ट्यूबखाली घालता, थोडी तरी लाज बाळगा.

आमच्या झाकणवाल्यांनी त्या लारीवाल्याला एकदा गाठलंच. त्याच्या पातेल्याचं गेज विचारलं. त्यानं पातेलं उलटं करून बघितलं, म्हणाला, "यावर बहिणीचं नाव आहे, दुसरं काही लिहिलेलं नाही." मंडळी तरीही दोन हाफफ्राय खाऊन, पातेल्याचा फोटो काढून आली.

घरोघरच्या वहिन्यांचं काय म्हणणं आहे ते मी विचारून घेतलं. एकीचं म्हणणं, लग्नाला वीस वर्षं झाली, स्वयंपाकघरात फ्रीजशिवाय दुसऱ्या कशालाही यांचा हात लागला नाही. आता झाकण बनवल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी स्वयंपाक यांचा. मग तक्रार काय? तक्रार अशी की कांदा मी चिरायचा, मसाला मी वाटायचा, पीठ मी भिजवायचं, आणि यांनी झाकण उचलायचं. उचलताना सगळ्यांनी बघायचं. दुसरीनं मात्र गुपचूप वेगळाच डाव टाकला. ती परस्पर वेल्डिंगवाल्याकडं गेली, आपल्या बिडाच्या तव्याच्या मापाचं, अगदी हलकं, साध्या कडीचं झाकण करून आणलं आणि फडताळात लपवून ठेवलं. नवऱ्याला दाखवलेलं नाही. दाखवलं तर सुधारेल म्हणते.

आणि घासायचं कुणी, हा प्रश्न अजून बैठकीत आलाच नाही. घुमटाच्या आत तेलाची पिवळी चिकट पुटं चढतात, ती राखेनं निघत नाहीत, सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून ठेवावी लागतात, आणि दोन फुटांचं झाकण भिजवायला त्याहून मोठं भांडं लागतं. स्टेशनाकडच्या त्या घरी आता मोठं भांडं कुठून आणणार? घंगाळाला तर भोक पाडून बसलेत.

परवा ही मंडळी पुन्हा माझ्या ओट्यावर. मला वाटलं रिळं संपली. तर नाही, झाकणावर धूळ बसते, पावसात बोल्ट गंजतात, म्हणून आता झाकणाला कव्हर शिवून हवंय. रेक्झिनचं, घुमटाकार, खाली नाडी ओवलेली. एकाला निळं, एकाला कत्थई, आणि सुरतवाल्या जावयांना खिसा पाहिजे, चुंबक ठेवायला. मी टेप घेतली, मापं घेतली, शिलाई सांगितली. घुमटाचे वेगळे, नाडीचे वेगळे, खिशाचे तर अर्थातच वेगळे. घासाघीस एकानंही केली नाही. काही बोलू नका कुणाला, अजून सात झाकणांची मापं यायची आहेत.